सिंधुदुर्गाचा दरवाजा आणि आठवीतली एसटी

नाही हो वहिनी, भांडण कसलं! रविवारी संध्याकाळी आमच्या पडवीतून जो गलका तुमच्या कानावर आला ना, तो सिंधुदुर्गाच्या दरवाजावरून. हो, मालवणचाच सिंधुदुर्ग. फक्त हा प्लॅस्टिकच्या विटांचा, टीपॉयवर मावेल एवढा. जरा अलीकडे या, ती जास्वंदीची फांदी बाजूला करा. ओरडून सांगण्यासारखं नाही हे. ज्याचा किल्ला, तो तुमच्याच वरच्या खोलीत भाड्यानं राहतो.

तुम्हाला वाटतं तो पोरगा रात्री दीड-दोनपर्यंत दिवा लावून ऑफिसचं काम करतो. कसलं काम! विटा निवडत बसलेला असतो. करड्या एका डब्यात, गडद करड्या दुसऱ्यात. वरून खुळखुळ आवाज येतो, उंदीर झालेत का म्हणून तुम्ही मला विचारलंत, तो आवाज हाच.

आमच्याकडे जमतात ही मंडळी रविवारची. आमच्या ह्यांनी रिटायर झाल्यावर नातवाचं लेगोचं खोकं ‘जरा बघतो’ म्हणून घेतलं, ते नातवाला काही परत मिळालं नाही. मग बँकेतले साहेब यायला लागले, त्या दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या, इतिहासाचे निवृत्त सर आले, कोपऱ्यावरची आठवीतली मुलगी आली. आपल्या डोक्यातून काहीतरी रचून आणायचं आणि मध्ये ठेवायचं. पुस्तिकेत बघून केलेलं चालत नाही. बँकेच्या साहेबांचा जावई मागं ताजमहाल घेऊन आला होता, तो २००८ साली निघालेला, ५,९२२ तुकड्यांचा. भलामोठा! मांडला, सगळ्यांनी बघितला आणि सगळे गप्प. बोलणार काय? कौतुक करायचं तर ते ज्यानं कंपनीत बसून आराखडा काढला त्याचं. जावयाच्या चिकाटीचं केलं म्हणा डॉक्टरीणबाईंनी, पण जावई जरा खट्टूच झाला.

स्वतःचं काही मध्ये ठेवलं की मात्र बघावं. मुलगी दाखवायचा कार्यक्रमच जणू. सगळे चहा पितात, चोरून तिकडं बघतात, आधी कुणी बोलत नाही. ज्याचं आहे तो उगाच एखादी वीट दाबून नीट बसल्याचं तपासतो. आणि मग कुणीतरी म्हणतं, “छान आहे.”

वहिनी, “छान आहे” यासारखं लागट दुसरं काही नाही. न बघता पुढं सरकायची पळवाट ती. त्याच्या खालोखाल “किती विटा लागल्या?” आणि त्यामागोमाग “किती पैसे गेले?” हा प्रश्न मीसुद्धा विचारते, पण आमच्या ह्यांना, आणि तोही एकांतात. ते लगेच अर्थसंकल्प काढतात. २०२० मध्ये परदेशी खेळण्यांवरचं आयातशुल्क २० टक्क्यांवरून एकदम ६० वर नेलं, २०२३ मध्ये ७० केलं, यात माझा काय दोष, म्हणतात. दोष नाही हो, पण खोकं आणा असं अर्थमंत्र्यांनी तरी कुठं सांगितलं होतं?

तर सिंधुदुर्ग. पोरानं मेहनत केली होती, खोटं कशाला बोलू. निळ्या पारदर्शक टिकल्यांचा समुद्र, त्यात मधूनमधून पांढऱ्या, लाटा फुटल्यासारख्या. तटाला करड्या रंगाच्या दोन छटा, खाली भिजलेल्या दगडाची गडद, वर फिकी. किनाऱ्याकडून बघितलं की समोर टोलेजंग दरवाजा. सरांनी चष्मा वर केला आणि पहिलंच वाक्य: “हे साफ चूक आहे.”

झालं! पोराचं तोंड एवढंस्सं.

सरांचं म्हणणं खोटं नव्हतं हो. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर पाया घातला, तेव्हापासून त्या किल्ल्याची खुबीच ही, की बाहेरून दरवाजा दिसत नाही. बुरुजांच्या आडोशाला, वळणात दडवलेला. होडीतून गेलो होतो ना आपण मालवणला, अगदी जवळ जाईपर्यंत आत शिरायचं कुठून ते कळत नव्हतं. आणि ह्या पोरानं नेमका तोच दरवाजा लग्नाच्या मांडवासारखा पुढं आणून ठेवलेला. पण “साफ चूक” म्हटल्यावर कोण ऐकतंय? तो म्हणाला, मी जसाच्या तसा करायलाच बसलो नव्हतो. सर म्हणाले, मग सिंधुदुर्ग नाव कशाला दिलंस? त्यात बँकेच्या साहेबांनी प्रमाणाचा विषय काढला, आणि मग जो काही गलका झाला तो तुम्ही ऐकलातच.

प्रमाणाचं म्हणजे असं. ती छोटी माणसं असतात ना विटांच्या खेळातली, पिवळ्या डोक्याची, ती चार सेंटिमीटर उंच. आपण साडेपाच फूट धरलं तर बेचाळीस पटींनी लहान. साहेबांनी बशीतला चिवडा बाजूला सारून हिशेब मांडला: तट सुमारे तीन किलोमीटरचा, भागिले बेचाळीस, म्हणजे सत्तर मीटर. “तुझा किल्ला ह्या पडवीतून निघून पिठाच्या गिरणीपर्यंत जायला हवा,” म्हणाले. बरं, ती माणसंही ठेंगणी आणि रुंद, उंचीचं प्रमाण वेगळं आणि रुंदीचं वेगळं. आपल्या माणसांसारखी असती तर बिचाऱ्यांना डॉक्टरांनी गोड बंद सांगितलं असतं.

इथं मला राहवलं नाही. मी म्हटलं, साहेब, दिवाळीत तुमच्या दारात मातीचा किल्ला होतो, त्यावर महाराज सिंहासनासकट बुरुजापेक्षा उंच असतात. मावळा दरवाजातून आत जाऊ शकणार नाही एवढा. तळ्यात प्लॅस्टिकचं बदक, ते गलबताच्या दुप्पट. तिथं कधी भागाकार केलात? साहेब हसले. हसले म्हणून बरं, नाहीतर आमचे हे माझ्याकडे बघायलाच लागले होते.

आणि मग काय झालं सांगू? आतापर्यंत गप्प बसलेली ती आठवीतली पोरगी उठली. किल्ल्याभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून डोळा तटाच्या पातळीला आणला, आणि विचारलं, “दादा, ह्यातलं परत परत काय मोडलंस?”

बघा. त्या एका प्रश्नावर पोरगा खुलला. म्हणाला, बुरूज. चौकोनी विटांतून गोल काढायचा म्हणजे मरण. तीनदा पाडला. शेवटी कंटाळून आठ कोनी केला, आणि आठ कोनी बुरुजांच्या मध्ये वळणाचा दरवाजा बसेना म्हणून तो पुढं आणला. म्हणजे दरवाजाची चूक दरवाजाची नव्हतीच! सर अर्धा तास चुकीच्या जागी बोट ठेवून बसले होते.

मुलीनं डब्यातून विटा घेतल्या आणि तिथंच दाखवलं. लांबुळकी एक-बाय-दोनची वीट, तिच्या शेजारी एक-बाय-एकची गोल वीट, पुन्हा लांबुळकी, पुन्हा गोल. वरच्या थरात हाच क्रम, पण सरकवून, सांध्यावर सांधा न येऊ देता, गवंडी लावतो तसा. असे पाच-सहा थर झाले आणि तिनं ती सरळ भिंत दोन्ही टोकांना धरून हळूच वाकवली. वाकली हो! गोल विटा बिजागरीसारख्या फिरतात आणि भिंत कमान घेते. फार लहान घेर करायला गेलं तर तुटते, म्हणाली, मोठा बुरूज असेल तर मस्त. सरांनी हातात घेऊन दोनदा वाकवून बघितली. मग म्हणाले, “असा बुरूज झाला तर दरवाजा मागं घेता येईल.” तेच म्हणणं, वहिनी, तोच दरवाजा, पण आता पोरगा कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्याशेजारी जाऊन बसला.

साहेबांची एक वेगळीच तऱ्हा. त्यांना बेकायदा जोड चालत नाही. हसू नका, ह्या लोकांत खरंच तसं म्हणतात. विटेच्या पाठीवर जे गोल उंचवटे असतात ना, त्या टिकल्या. अशा दोन टिकल्यांच्या मध्ये पातळ पट्टी उभी घुसवली, तर ती बसते, पण विटेवर ताण येतो. तो जोड बेकायदा. पोरानं तटातल्या जंग्या, म्हणजे माऱ्याची भोकं, करायला नेमकं तेच केलेलं. साहेबांनी मोबाइलचा दिवा आत मारून गुन्हा शोधून काढला! पण माणूस चांगला, नुसता ठपका ठेवून थांबला नाही. म्हणाले, वीट आडवी कर. एका टिकलीपासून दुसरी आठ मिलिमीटरवर, पट्टीची जाडी ३.२. म्हणजे पाच पट्ट्यांची चळत सोळा, आणि दोन टिकल्यांची रुंदीही सोळा. आडवा तुकडा तंतोतंत बसतो, ताण नाही काही नाही. बँकेत हिशेब कधी चुकला नसेल ह्या माणसाचा.

आता त्या मुलीची एसटी. ती मागच्या खेपेला आणली होती तिनं. लालभडक, मागं टपावर चढायची शिडी, आणि आत एक दोरा ताणलेला, कंडक्टरच्या घंटीचा. दोरा बघून मला तर भरून आलं; माहेरी जायची गाडी आठवली. मी म्हणणारच होते छान आहे म्हणून, जीभ चावली. म्हटलं, घंटीची दोरी ड्रायव्हरच्या डोक्यापर्यंत नेलीस, हे मी तरी विसरले असते. पोरीनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी आजच तिला पहिल्यांदा दिसले.

पण बस होती सहा टिकल्या रुंद. दोन्ही बाजूंच्या भिंतींत दोन गेल्या, उरल्या चार. एका माणसाला दोन लागतात, त्यात हात बाहेर येतात, म्हणून दोघं खेटून बसतही नाहीत. एका ओळीत एक प्रवासी आणि मधली वाट, संपलं! डॉक्टरीणबाई कमी बोलतात, दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडी ठेवून कंटाळत असतील. त्यांनी एवढंच विचारलं, “तुला रिकामी गाडी दाखवायचीय की भरलेली?” मुलगी म्हणाली, भरलेली, गणपतीची कोकणातली. “मग रुंद कर.” मुलगी म्हणाली, लाल विटाच संपल्यात.

आणि इथंच बहुतेकांचं गाडं अडतं बघा. “रुंद कर”, “गडद रंग वापर”, “कौलं बदल”, सांगायला काय जातं? समोरच्याच्या डब्यात काय आहे ते बघायला नको? तिच्या डब्यात दोन वाढदिवसांचं आणि एका दिवाळीचं भांडवल. साहेब काही बोलले नाहीत. घरी गेले आणि श्रीखंडाच्या डब्यातून लाल विटा घेऊन आले, मोजून. मोजून का, तर परत घेताना घोळ नको. आता दहा रुंदीची गाडी होतेय, आणि टपावर सामान, त्यात सुपाएवढा ढोल. प्रमाणाबद्दल साहेबांनी चकार शब्द काढलेला नाही.

सर म्हणतात, चुकीला चूक म्हणायचं नाही तर मग म्हणायचं काय? म्हणा की, कोण नको म्हणतंय. पण एक आमच्या ह्यांनी त्यांना सुनावलं ते पटलं मला. दोन-बाय-चारच्या एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या, फक्त सहा, तर त्या एकमेकींना जोडायच्या ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ तऱ्हा होतात. कोपनहेगनच्या एका गणितज्ञानं संगणकावर मोजून घेतल्यात. “आणि सर, तुम्ही हजार विटांच्या किल्ल्यात एकच तऱ्हा खरी म्हणता?” सरांनी चहा मागितला. सरांनी चहा मागितला की समजायचं, मुद्दा पोचला.

तुमचा नातू परवा भिंतीवरून काहीतरी दाखवत होता बघा मला, हिरवं-गुलाबी, वर पंखा. तुम्ही हेलिकॉप्टर म्हणालात आणि तो रुसला. आधी त्यालाच विचारायचं हो, हे काय आहे म्हणून. मला म्हणाला, ही उडणारी उसाच्या रसाची गाडी. मग पंखा म्हणजे चरक, आणि गुलाबी काय? तर बर्फ संपला म्हणून कलिंगड घातलं. आता ह्यात काय चुकलं? घेऊन या रविवारी त्याला. सहा वर्षांच्या पोराला पाच पट्ट्यांचा हिशेब सांगू नका म्हणून साहेबांना मी आधीच बजावून ठेवते. आणि हात लावायचा तर त्याला विचारून. आमच्या ह्यांनी गेल्या वर्षी कुणाचा तरी दीपस्तंभ न विचारता उचलला, वरचा अर्धाच हातात आला.

आणि हे वरच्या पोराला सांगू नका हं, मी बोलले म्हणून. भाडं मात्र वेळेवर देतो ना? नाही, आपलं सहज विचारलं. बुरूज गोल करायचे म्हणून त्यानं गडद करड्या विटांची मोठी ऑर्डर टाकलीय म्हणे, आणि पहिली तारीख जवळ आलीय.