आपल्यातच राहू द्या

प्रत्येक कचेरीत एक नाना असतात. नाव निराळं असेल, टेबल निराळं असेल. पण ज्यांची साखर जेवणाआधी किती आणि जेवणानंतर किती हे सगळ्या शाखेला पाठ असतं, ते नाना. आमचे नाना अव्वल कारकून आहेत. त्यांना निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलेलं नाही. ते त्यांनी साडूंना फोनवर सांगितलं.

शाखेत टेबलाला टेबल लागून आहे आणि उरलेली जागा लोखंडी कपाटांनी आणि दप्तराच्या गठ्ठ्यांनी घेतली आहे. फोन वाजला की नाना आधी चष्मा लावतात, पडद्यावरचं नाव वाचतात, "धाकट्या बहिणीचा!" असं शाखेला कळवतात आणि मगच उचलतात. "बोल गं! नाही नाही, मोकळाच आहे मी!" त्याच वेळी समोर हातात अर्ज धरून ताटकळलेला माणूस एकदा अर्जाकडे पाहतो आणि एकदा नानांकडे. नाना त्याला प्रेमाने हातानेच "बसा" म्हणतात.

नानांच्या आवाजाचं गणित अंतरावर चालतं. घरून फोन आला तर आवाज शाखेपुरता. बहीण नागपूरला, तिच्यासाठी व्हरांड्यापर्यंत. मुलगा न्यू जर्सीला. तिथली सकाळ म्हणजे आमची सुटायची वेळ, त्यामुळे "अंघोळ झाली का रे?" हा प्रश्न खाली आवारात स्कूटर काढणाऱ्यांनाही ऐकू जातो. एकदा तर आवक-जावकच्या बाई जिन्यावरूनच "झाली!" म्हणाल्या.

आणि हे सगळं गुपित असतं बरं का. मेहुण्यांच्या जमिनीची वाटणी, भाचीला सांगून आलेलं स्थळ, प्रॉव्हिडंट फंडातून काढायची रक्कम, प्रत्येक विषयाच्या शेवटी नाना बजावतात, "कुणाला बोलू नका हं. आपल्यातच राहू द्या." 'आपल्यात' म्हणजे ते, पलीकडचा माणूस आणि आम्ही.

खरं सांगायचं तर दोष नानांचा नाही, टेलिफोन खात्याचा आहे. नाना फोनवर बोलायला शिकले ते गावच्या पोस्टात. ट्रंक कॉल नोंदवायचा, घाई असेल तर 'अर्जंट', त्याहून घाई असेल तर 'लाइटनिंग' आणि लागला की तीन मिनिटांत सगळं ओरडून घ्यायचं. पुढे पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. रात्री अकरानंतर दर पाव व्हायचा, म्हणून अकराला रांग. काचेच्या खोलीत पंखा नसायचा, म्हणून दार उघडं. मीटरवरचे लाल आकडे पळत असताना कुजबुजणं परवडणार कुणाला? बोलणारा आतून बाळंतपणाची खबर द्यायचा आणि मुलगा झाला की मुलगी, हे रांगेतल्या शेवटच्या माणसालाही कळायचं.

शिवाय तेव्हा फोन माणसाचा नसायचा, जागेचा असायचा. गल्लीत एका घरी फोन आणि बाकीच्यांच्या लग्नपत्रिकेत त्याच नंबरापुढे 'पी. पी.'. वाजला की जवळ असेल त्याने उचलायचा आणि हाक मारायची, ही माणुसकी. नाना ती अजून पाळतात. कुणाचा मोबाइल टेबलावर वाजत राहिला तर त्यांचा जीव राहत नाही. आमच्या शाखेत नवी लागलेली कनिष्ठ लिपिक एकदा फोन विसरून बाहेर गेली. नानांनी उचलला. पलीकडे तिची होणारी सासू. "त्या जागेवर नाहीत," नाना अदबीने म्हणाले, "बाथरूमला गेल्यात. बराच वेळ झाला. पोट ठीक नाही वाटतं."

कायद्याचं मात्र नानांना भान आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमताने निर्वाळा दिला, तेव्हा नानांनी चहा पाजला. "माणसाचं खासगी ते खासगीच," म्हणाले. चहा संपायच्या आत बँकेचा फोन आला आणि नानांनी आधार क्रमांक, जन्मतारीख आणि आईचं माहेरचं नाव एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.

मग जुलै २०२१ मध्ये सामान्य प्रशासन विभागाने सूचना काढल्या. कार्यालयात मोबाइल गरजेपुरताच वापरावा, कामासाठी शक्यतो दूरध्वनी वापरावा, सौजन्याने आणि हळू आवाजात बोलावं, वैयक्तिक फोन बाहेर जाऊन घ्यावेत. आम्ही तो कागद मुद्दाम नानांच्या काचेखाली सरकवला. त्यांनी दोनदा वाचला, मान डोलावली आणि साडूंना फोन लावला. "अहो, काय सुंदर जीआर काढलाय! ऐका. हळू! आवाजात! बोलावे!"

त्या दिवशी आम्ही आशा सोडली. पण नंतर एक दुपार अशी आली की नाना मला नव्याने कळले. ती कनिष्ठ लिपिक फोनवर बोलता बोलता रडायला लागली. लग्न मोडत होतं बहुधा. बाहेर व्हरांड्यात माणसांची गर्दी, आत आम्ही सगळे. तिला जायला जागा नव्हती. शाखा एकदम चिडीचूप झाली आणि त्या शांततेत तिचा शब्दन् शब्द ऐकू यायला लागला. तेवढ्यात नानांनी खिशातून फोन काढून कानाला लावला. "हॅलो! गॅस एजन्सी का? सिलिंडर नोंदवून किती दिवस झाले?" आणि मग एजन्सी, सबसिडी, शेगडीची नळी, डिलिव्हरीवाल्याचे सुट्टे पैसे, असं जे सुरू झालं ते ती डोळे पुसून फाईल उघडेपर्यंत. तिचं पुढचं बोलणं आमच्यापैकी कुणालाच ऐकू आलं नाही. मी नानांच्या शेजारी बसतो, म्हणून मला एवढं दिसलं की कानाला लावलेला तो मोबाइल नव्हता, चष्म्याची डबी होती.

एका खोलीत दहा माणसं वाढलेल्या घरांमध्ये भिंती नसायच्या, पण ऐकलेलं न ऐकल्यासारखं करायची रीत होती. नाना त्या घरातले. स्वतःचं काही झाकायची त्यांना सवय नाही. दुसऱ्याचं झाकायची आहे.

हे एव्हाना शाखेने ओळखलंय. कुणाला बायकोची समजूत घालायची असते, कुणाला हप्त्यासाठी छळणाऱ्या वसुलीवाल्याशी बोलायचं असतं. असा माणूस सहज नानांच्या टेबलाशी जातो आणि विचारतो, "नाना, मुलाची काही खबर?" नाना घड्याळ बघतात. तिकडे रात्रीचे दोन वाजलेले असतात. मग ते अडलेल्याकडे एकवार नीट पाहतात, अडचण किती मोठी याचा अंदाज घेतात आणि म्हणतात, "त्याला कशाला उठवायचं? एवढ्याला नागपूर पुरेल."