तुमचा गेम न चालो

एकट्याने मोबाइल गेम बनवणाऱ्याला जो तो एकच शुभेच्छा देतो: तुझा गेम तुफान चालू दे. हेतू चांगला असतो, पण ही शुभेच्छा मागे घेतलेली बरी, असं माझं मत आहे. गेम आपटला तर नुकसान ठरलेलं असतं: अ‍ॅपलची वर्षाची ९९ डॉलर फी, गूगलचे एकदाच भरायचे २५ डॉलर, काही महिन्यांची झोप आणि ‘नोकरीचं काय ठरवलंस?’ हा घरचा प्रश्न. गेम चालला, की मात्र नुकसान कुठे थांबेल ते सांगता येत नाही.

हनोईच्या डाँग न्गुयेनचंच बघा. त्याने मे २०१३ मध्ये ‘फ्लॅपी बर्ड’ आणला. पडद्यावर बोट टेकवत पक्षी उडता ठेवायचा, हिरव्या पाइपांच्या फटींतून न्यायचा आणि धडकला की पुन्हा पहिल्यापासून. कित्येक महिने त्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही, म्हणजे न्गुयेनचं उत्तम चाललं होतं. जानेवारी २०१४ मध्ये जगाने गेम डोक्यावर घेतला. जाहिरातींतून दिवसाला सुमारे ५० हजार डॉलर मिळतात, असं त्याने स्वतःच सांगितलं. सोबत पाइप मारिओचे चोरल्याचा आळ, वेड लावल्याच्या तक्रारी आणि घराभोवती पत्रकार. फेब्रुवारीत त्याने आपल्याच हाताने गेम काढून टाकला. मग गेम आधीच घेतलेले जुने फोन लोकांनी वाटेल त्या किमतीला विकायला काढले. ज्याला तो नकोसा झाला होता त्याच्याखेरीज सगळ्यांना आता तो हवा होता.

पैसा मिळाला ना, मग रडता कशाला, असं कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी त्याच महिन्यात आलेला ‘थ्रीज’ आहे. पडद्यावरचे अंक सरकवून जोडायचे, बास. पण हे ‘बास’ सापडायला अ‍ॅशर व्होल्मर आणि ग्रेग वोलवेंड यांना चौदा महिने आणि शेकडो ईमेल लागले. अंकांच्या जागी सुशी ठेवून पाहिली, ब्रोकोलीचं सूप ठेवून पाहिलं आणि मग पुन्हा अंकांवर आले. काही आठवड्यांत नकला निघाल्या, आणि नकलेची नक्कल म्हणावी असा ‘२०४८’ गॅब्रिएले चिरुल्ली या एकोणीस वर्षांच्या इटालियन मुलाने एका वीकेंडला बनवून फुकट देऊन टाकला. पुढे लोक थ्रीजवाल्यांनाच ‘तुम्ही २०४८ ढापलात’ म्हणू लागले! कायद्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. कॉपीराइट चित्रांना मिळतो, कोडला मिळतो, खेळाच्या कल्पनेला नाही. वर्षअखेरीस अ‍ॅपलने थ्रीजला आयफोनवरचा वर्षाचा सर्वोत्तम गेम ठरवलं. पुढच्या वर्षी त्याचीही जाहिरातींवाली फुकट आवृत्ती आली.

मग अँग्री बर्ड्सचं काय? तो रोव्हिओ कंपनीचा ५२वा गेम होता. एकावन्न गेम पचवायला कंपनी लागते, एका माणसाचा पीएफ पुरत नाही. लुडो किंगचं उदाहरण तर घरचंच, नवी मुंबईचं. पण तिथली हुशारी वेगळी आहे. मूळ खेळ पच्चीसीच्या घराण्यातला, त्याचा कर्ता कोण हे कोणालाच ठाऊक नाही, म्हणजे ‘माझी कल्पना चोरली’ म्हणून भांडायला येणारही कोणी नाही. एकट्याला यश हवंच असेल, तर असा बेवारस खेळ शोधणं हाच त्यातल्या त्यात बिनधोक मार्ग.

गेम चालूच नये याची तजवीज आता गूगलनेही केली आहे. नव्या वैयक्तिक खात्यावरून गेम सर्वांसाठी खुला करायचा, तर आधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत सामील राहावं लागतं. बारा माणसं म्हणजे काही फार नाहीत, असं ऐकणाऱ्याला वाटतं. मामा, मावशी, जुना रूममेट करत सातव्या-आठव्या नावाला गाडी अडते, आणि जमलेल्यांतल्या तिघांकडे आयफोन निघतो. उरलेल्यांतला एखादा पाचव्या दिवशी ‘फोनमध्ये जागा नाही रे’ म्हणत बाहेर पडतो. तेव्हा तुमच्या एखाद्या भाच्याने किंवा पुतणीने अशी लिंक पाठवली, तर ‘बघतो’ म्हणून विसरू नका. गेम डाउनलोड करा. खेळला नाहीत तरी चालेल, वाईट आहे म्हणालात तरी चालेल. फक्त चौदा दिवस काढून टाकू नका.