अर्धं तिकीट, अख्खी बाई

सत्काराच्या बाबतीत सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे सढळ हाताचे. मार्च उजाडला की नोकरदार आईचा भाव हळदीसारखा वधारतो. शाल, श्रीफळ आणि अध्यक्षांचं भाषण: ‘आजची स्त्री घर आणि करिअर लीलया सांभाळते!’ सत्कारमूर्तीचा डोळा घड्याळावर. पाळणाघर साडेसहाला बंद होतं आणि अध्यक्ष अजून जिजाऊंवरच आहेत. सावित्रीबाई यायच्यात. त्या तर खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या, म्हणजे घरच्याच. तिथे वेळ लागणारच.

सरकारही मागे नाही. मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट. कराडहून साताऱ्याला कामावर निघालेली आई अर्ध्या तिकिटात जाते आणि पूर्ण उभी राहून जाते. खांद्याला पर्स, काखेत डब्याची पिशवी, कानाला मोबाइल. ‘अहो, दूध ठेवलंय, गॅस बंद करा. ते नाही, डावीकडचं बटण. तुमच्या डावीकडचं!’ पलीकडे इंजिनिअर नवरा. साखर कारखान्याचा अख्खा बॉयलर त्याच्या हुकमात. शेगडी मात्र ऐकत नाही.

कायद्याचं म्हणाल, तर २०१७च्या दुरुस्तीने प्रसूतीची पगारी रजा २६ आठवडे झाली, पहिल्या दोन मुलांपुरती. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघरही हवं. आता साड्यांच्या दुकानात नि क्लासमध्ये ५० माणसं आणायची कुठून? तिथलं पाळणाघर म्हणजे सासूबाई. त्यांना पगार नाही, रजा नाही, आणि यंदा वारीला जायचंय. बापाला खासगी नोकरीत कायद्याने एक दिवसही नाही. पेढे वाटून दुसऱ्या दिवशी तो कामावर हजर. वाटण्याचंच काम त्याच्याकडे होतं.

माण तालुक्यातल्या म्हसवडच्या बायकांनी बँक काढायची म्हटलं, तेव्हा परवान्याचा पहिला अर्ज फेटाळला गेला. कारण? बायका निरक्षर. त्या लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि म्हणाल्या, तुमचे साहेब आणि आम्ही, व्याज कोण आधी काढतं बघू. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. रिझर्व्ह बँकेची खात्री पटली हो, घरच्यांची पटायचीय. पगार तिचा, हप्ता फ्लॅटचा, आणि चपला घेतल्या की प्रश्न: ‘होत्या ना एक जोड?’

तीच बाई पहाटे अजिंक्यताऱ्यावर फिरायला निघाली की शेजारच्या काकू विचारतात, ‘एकटीच? आणि मुलं?’ नवरा रात्री ‘जरा जाऊन येतो’ म्हणून ढाब्यावर जातो, त्याला मुलं कुठायत हे कुणी विचारत नाही. रविवारी त्याने तासभर लेकराला बागेत नेलं, तर त्याच काकूंचे डोळे भरून येतात. ‘किती करतो गं बायकोसाठी!’ लेकरू जणू तिने माहेरून आणलेलं.

१ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव लागतं, मग बापाचं. शासनाला हे आत्ता सुचलं. शाळेच्या फोनच्या यादीत ते कधीपासून पहिलं आहे. पोराला ताप आला की भर मीटिंगमध्ये वाजतो तो तिचाच फोन. बापाचा नंबर खाली दिलेला आहे, अगदीच अडचण आली तर.