भातात चमचा फिरवायचा नाही!

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, भूमध्य समुद्राकाठी व्हॅलेन्सिया आहे. जाहिरातींच्या हिशोबाने इथे वर्षातले तीनशे दिवस ऊन. ऊन आणि समुद्र म्हटलं, की पर्यटक घड्याळ काढून बॅगेत टाकतो आणि शिस्त घरी ठेवून निघतो. पहिल्याच दुपारी बारा वाजता तो भुकेजून हॉटेलात शिरतो. वेटर टेबलं पुसत असतो, चूल पेटलेली नसते आणि जेवण दोनच्या आधी मिळणार नसतं. इथून पुढे त्याला हळूहळू कळत जातं, की आपण युरोपातल्या एका अत्यंत नियमबद्ध प्रदेशात सुट्टी घालवायला आलो आहोत.

दोनच्या जेवणाला आळस म्हणण्याआधी नकाशा पाहावा. ग्रीनिचची रेषा याच प्रदेशाच्या किनाऱ्यावरून जाते. म्हणजे इथलं घड्याळ खरं तर लंडनबरोबर चालायला हवं. पण १९४० साली हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने ते तासभर पुढे, बर्लिनच्या वेळेला नेऊन ठेवलं आणि पुढे कोणी ते मागे आणलं नाही. उन्हाळ्यात त्यात आणखी एक तास वाढतो. त्यामुळे सूर्य डोक्यावर येतो तोच मुळी दोनच्या सुमाराला. व्हॅलेन्सियाचा माणूस भर माध्यान्हीलाच जेवतो. घड्याळ काय म्हणतं तो घड्याळाचा प्रश्न. शिवाय तोवर तो उपाशी थोडाच असतो! सकाळी दहाच्या आसपास ‘एस्मोर्सारेत’ नावाचा विधी होतो. त्यात हातभर लांब पाव, त्यात ऑम्लेट किंवा सॉसेज, बाजूला शेंगदाणे आणि ऑलिव्ह, सोबत बिअर किंवा वाइन, आणि शेवटी रम पेटवून केलेली कॉफी. याला ते न्याहारी समजतात. एवढं झाल्यावर दोनपर्यंत कळ काढणं कोणालाही जमेल.

दोन वाजले, की पाएया. जगभर पाएया म्हणून जो पिवळा भात कोळंबी, वाटाणे आणि वाटेल ते घालून खपतो, त्याला इथले लोक ‘भात आणि इतर वस्तू’ म्हणतात. अस्सल व्हॅलेन्सियन पाएयात कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा, ‘गार्रोफो’ नावाचा टपोरा पांढरा वाल, टोमॅटो, केशर, ऑलिव्ह तेल, पाणी, मीठ आणि आखूड दाण्याचा तांदूळ. कांदा घालावा की नाही यावर घरंच्या घरं फुटू शकतात. २०१६ मध्ये जेमी ऑलिव्हर या ब्रिटिश शेफने आपल्या पाएयात चोरिझो सॉसेज घातलं आणि ते ट्विटरवर दाखवलं. स्पेनमधून त्याच्यावर अशी आग पाखडली गेली, की भल्याभल्या राजकारण्यांनाही हेवा वाटावा. २०२१ मध्ये प्रादेशिक सरकारने पाएयाला अधिकृत सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. आता सॉसेज घालणाऱ्याने जरा जपूनच राहिलेलं बरं.

नियम शिजवण्याचेही आहेत. भांडं उथळ आणि रुंद, जाळ शक्यतो संत्र्याच्या लाकडाचा. तांदूळ एकदा पसरला, की ढवळायचा नाही. हात शिवशिवले तरी नाही. तेव्हाच तळाला खमंग खरवड धरते, तिला ‘सोकर्रात’ म्हणतात, आणि तिच्यासाठी सख्खी भावंडं चमचे परजतात. परंपरेने सगळे भांड्याभोवती बसून लाकडी चमच्याने थेट भांड्यातून खातात. प्रत्येकाने आपल्यासमोरचा त्रिकोण संपवायचा; शेजाऱ्याच्या हद्दीतला सशाचा तुकडा कितीही खुणावत असला तरी सीमा ओलांडायची नाही. रात्री पाएया मागितला, तर तुम्ही परदेशी आहात हे पासपोर्ट न पाहता सिद्ध होतं. शाकाहारी पाहुण्याला भाज्यांचा सुरेख भात मिळतो. फक्त त्याला पाएया म्हणताना आचारी जरा का-कू करतो.

हा तांदूळ येतो आल्बुफेराच्या काठावरून. शहराच्या दक्षिणेला दहा-बारा किलोमीटरवर हे गोड्या पाण्याचं विस्तीर्ण सरोवर आहे, सरासरी खोली जेमतेम मीटरभर. बुडायचं ठरवलं तरी उभं राहून बचावता येईल! भोवती भातखाचरं, बगळे, बदकं आणि संध्याकाळच्या होड्या. काठावरच्या एल पाल्मार गावात लसूण आणि लाल पाप्रिका घालून ईल माशाचा रस्सा करतात. इथेही नियम आहेतच. मासेमारीच्या ठरावीक जागा दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटल्या जातात. हा हक्क शतकानुशतकं बापाकडून मुलाकडे जात राहिला. मुलींना तो मिळावा म्हणून गावातल्या बायकांना १९९० च्या दशकात कोर्टाची पायरी चढावी लागली, आणि त्या जिंकल्या.

दुपारच्या उकाड्यावरचा उतारा म्हणजे ओर्चाता. दिसायला दूध, पण दुधाशी काही संबंध नाही. शहराला लागूनच असलेल्या अल्बोराया भागात ‘चुफा’ नावाचे बोराएवढे कंद पिकतात. ते भिजवून, वाटून, गाळून, साखर घालून थंडगार पितात. सोबत ‘फार्तोन’ हा लांबट गोड पाव, बुडवून खायला. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने चुफा हा आपल्या लव्हाळ्याचा सख्खा भाऊबंद. ज्याच्या नावाने महाराष्ट्रातला शेतकरी खुरपं हातात घेऊन बोटं मोडतो, त्याच्या भावाला व्हॅलेन्सियाने पेल्यात बसवून त्याचे पैसे केले. ‘आग्वा दे व्हॅलेन्सिया’ मागवताना मात्र सावध असावं. नावाचा अर्थ ‘व्हॅलेन्सियाचं पाणी’ आहे खरा, पण त्यात संत्र्याचा रस, कावा ही फसफसती वाइन, व्होडका आणि जिन असते. तहान लागली म्हणून घटाघटा पिणाऱ्याला पुढचे दोन तास तहानच काय, हॉटेलचा पत्ताही आठवत नाही.

‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ पाहिलेल्या भारतीयांना ला तोमातिना या टोमॅटोफेकीच्या उत्सवाची ओळख करून द्यायला नको. ऑगस्टचा शेवटचा बुधवार, बुन्योल हे छोटंसं गाव, शंभराहून अधिक टन टोमॅटो आणि तासाभराचा लाल चिखल. निव्वळ धांगडधिंगा! पण तोही नियमात. सुरुवातीला साबण चोपडलेल्या खांबाच्या टोकाला डुकराची खारवलेली तंगडी बांधतात आणि लोक एकमेकांच्या खांद्यावर चढून ती काढायला बघतात. गोविंदा पथकाने जावं आणि दही मागावं, इतकं साम्य आहे. टोमॅटो फेकण्याआधी हातात चिरडायचाच. दुसऱ्याचे कपडे फाडायचे नाहीत. संपल्याचा बार वाजला, की हातातला टोमॅटो हातातच. १९५० च्या दशकात सरकारने बंदी घातली, तेव्हा १९५७ मध्ये गावकऱ्यांनी शवपेटीत टोमॅटो ठेवून बँडच्या साथीने त्याची अंत्ययात्रा काढली. बंदी उठली. २०१३ पासून तिकीट आहे.

मार्चमधल्या फायास उत्सवात गल्लोगल्लीची मंडळं वर्षभर वर्गणी गोळा करून नेत्यांची टर उडवणारे अवाढव्य पुतळे उभारतात आणि १९ मार्चच्या रात्री ते जाळून टाकतात. अग्निशामक दलाचे जवान शेजारच्या इमारतींवर पाणी मारत उभे असतात. लोकांच्या मतांनी निवडलेल्या दोन बाहुल्यांना माफी मिळते आणि ते संग्रहालयात जातात. १ मार्चपासून रोज दुपारी ठीक दोनला नगरपालिकेच्या चौकात फटाक्यांचा गडगडाट असतो. दिवसाउजेडी, कारण तो बघायचा नसून ऐकायचा असतो. माहीतगार लोक कान झाकत नाहीत, तोंड उघडं ठेवतात.

पाण्याशी मात्र या प्रदेशाचं नातं थट्टेचं नाही. १९५७ च्या महापुरानंतर तूरिया नदीच शहराबाहेरून वळवली आणि जुन्या पात्रात लांबलचक बाग केली. २९ ऑक्टोबर २०२४ च्या पुरात या नव्या पात्राने शहर वाचवलं. दक्षिणेकडची गावं मात्र बुडाली आणि प्रदेशाने दोनशेहून अधिक माणसं गमावली.

कालव्याच्या पाण्याची भांडणं इथे शतकानुशतकं कॅथेड्रलच्या दारात मिटतात. दर गुरुवारी दुपारी बाराला आठ कालव्यांचे आठ प्रतिनिधी, म्हणजे शेतकरीच, काळे अंगरखे घालून गोलाकार बसतात. वकील नाही, कागद नाही, तारीख पे तारीख नाही. कोणी बोलायचं हे अध्यक्ष पायाने खूण करून सांगतात. आरोपी नदीच्या एका काठाचा असेल, तर निकाल दुसऱ्या काठाचे प्रतिनिधी सुचवतात. युनेस्कोने २००९ मध्ये या न्यायालयाला वारसा यादीत घेतलं. बहुतेक गुरुवारी तक्रारच नसते. पुकारा होतो आणि काही मिनिटांत सगळे उठतात. तेव्हा गुरुवारी पावणेबारालाच दारासमोर जागा धरा. तिकीट नाही, आणि जेवणाला अजून दोन तास आहेत.