मिठागरावरचा शेळीयोग : इच्छुकांसाठी सूचना

शेळ्यांच्या संगतीत योगासने करण्याचा वर्ग अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये लेनी मोर्स यांनी २०१६ साली सुरू केला आणि हे खूळ पाहता पाहता ॲरिझोनाच्या वाळवंटात पोचले. आपल्याकडे वाळवंट नाही म्हणून मीरा-भाईंदरकरांनी मागे राहू नये. मुळात वाळवंट लागते कशाला, हे समजून घ्यावे. शेळीचा जीव पाल्यात. उत्तन-डोंगरीच्या वाडीत वर्ग भरवला, तर शेळी कुंपणावर पुढचे पाय टेकून शेंडे ओरबाडत राहील आणि साधक भुजंगासनात एकटाच उरेल. हिरवे पान दिसत नाही तिथेच तिला माणसाकडे बघायला सवड मिळते. या कसोटीला भाईंदरची मिठागरे उतरतात : सपाट, उघडीबोडकी, सावलीचे नाव नाही. रीतसर परवानगी काढावी आणि सतरंजी बांधावर अंथरावी, वाफ्यात नव्हे. तिथे कोणाचे तरी पोट पिकत असते.

यावर कोणी म्हणेल, वाळवंटातली कोरडी हवा खाडीकाठी कुठून आणणार? आणूच नये. पाल्यातून मीठ पुरेसे मिळत नाही म्हणून गोठ्यात शेळ्यांसाठी चाटणवीट टांगतात. वाळवंटात घाम अंगावर ठरत नाही. भाईंदरला मे महिन्यात तो हटत नाही. चार सूर्यनमस्कारांत साधकाचीच चाटणवीट होते. शेजारी मिठाची रास असताना शेळी माणसाला का चाटेल, हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणून वर्ग राशींपासून लांब भरवावा. पाठीवर घ्यायचे ते करडूच. वाढलेली उस्मानाबादी शेळी ३० किलोंच्या पुढेमागे भरते आणि तो सगळा भार खुरांवर येतो. मार्जारासनातली पाठ करडाला खडकासारखीच वाटते : ते चढते, चारही खूर तळहाताएवढ्या जागेत जुळवते आणि सदऱ्याची कॉलर चघळू लागते. घाबरू नये, त्याला वरचे पुढचे दात नसतात. लेंड्या सुक्या असतात, झटकाव्यात. हात मात्र साबणाने धुवावेत आणि गरोदर बायकांनी या वर्गाला येऊच नये.

हा योगच नव्हे, असे जाणकार म्हणतील. घेरंडसंहितेतल्या ३२ आसनांत मोर, कोंबडा, कासव, बेडूक, उंट असे सगळे आहेत, शेळी नाही. ऋषींना शेळी ठाऊक नव्हती असे कसे म्हणावे? ती एका जागी स्थिर सापडली नसावी. शिवाय तिथे माणूस प्राण्याची नक्कल करतो, इथे प्राणी माणसाचा उपयोग करून घेतो. आपण कोणाच्या तरी पायाखालचा दगड आहोत, हे निमूटपणे सोसणे शीर्षासनाहून अवघड. अहंकार जिरवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. तेव्हा गुरुदक्षिणा शेळीलाच द्यावी, फणसाच्या पाल्याची जुडी, आणि तीही वर्ग संपल्यावर. आधी दिली तर वर्ग तिथेच संपतो. पहिला पाऊस पडताच वर्ग बंद करावेत. बांधावर गवत फुटते आणि शेळीला साधकाची गरज उरत नाही.