परतीचं वल्हं

रानात राहायला गेलेल्या माणसाचं निसर्गप्रेम शेवटच्या दिवशी उजाडेपर्यंत टिकतं. उजाडलं की तो पहिला प्रश्न विचारतो, "गाडीपाशी किती वाजेपर्यंत पोचू?"

कॅनडातलं अल्गॉन्क्विन पार्क १८९३ सालचं. साडेसात हजार चौरस किलोमीटरहून मोठं रान, आणि त्यात कनू वल्हवत हिंडायच्या दोन हजार किलोमीटरहून जास्त वाटा. टोरंटोहून आम्ही चौघं तिथे गेलो होतो : मी, बायको, मेहुणा आणि त्याची बायको. आदल्या रात्री शेकोटीपाशी मेहुणा म्हणाला होता, "भावोजी, खरं जगणं हेच. ना फोन, ना ईमेल." सकाळी तंबूतून डोकं बाहेर काढलं, तर हा गृहस्थ काठावरच्या खडकावर चवड्यांवर उभा राहून फोनला रेंज शोधत होता.

अस्वलांमुळे तिथे खाण्याची पिशवी रात्री दोराने उंच झाडाला टांगावी लागते. वास येणारं सगळं वर, टूथपेस्टसुद्धा. हे खातं मेहुण्याकडे होतं. त्या सकाळी दोर फांदीच्या बेचक्यात असा काही रुतला, की पिशवी ना खाली येईना, ना वर जाईना. चहा, साखर, उरलेला चिवडा, सगळं अधांतरी. शिवाय आत रानात डबे-बाटल्या न्यायला बंदी, म्हणून लोणचं प्लॅस्टिकच्या पुडीत बांधून आणलं होतं. त्या पुडीने रात्रीतून राजीनामा दिलेला. पिशवीच्या कोपऱ्यातून लाल तेलाचा थेंब फुगायचा, लोंबायचा आणि खाली तोंड वर करून उभ्या असलेल्या मेहुण्याच्या कपाळावर अचूक पडायचा.

"गाठ बघा कशी बसलीय! अस्वलाच्या बापालाही सुटणार नाही."

"अरे दादा, पण चहा आपल्याला प्यायचाय," माझी बायको म्हणाली.

शेवटी मेहुणा दोराला लोंबकळला. दोर सुटला, पिशवी आली आणि तिच्याखाली मेहुणा आला. लोणच्याच्या तेलात भिजलेला तो चिवडा फारच छान लागला, हे मात्र खरं.

खाणं संपलं की सामान हलकं व्हायला हवं. होत नाही. दवाने तंबू भिजलेला, मोजे भिजलेले, आणि येताना घडी घालून भरलेलं सगळं जाताना गुडघ्याने कोंबलेलं. ते पाठीवर घेऊन 'जो लेक' या तळ्यावरून 'कनू लेक' या तळ्याकडे जायचं. मधे जेमतेम तीनशे मीटरचं पोर्टेज, म्हणजे कनू उलटी करून खांद्यावर घ्यायची आणि चालायचं. पिवळ्या पाटीवर आकडा मोठा साधा दिसतो. पण कनूखाली शिरलं की दोन्ही हात कनूच्या कडांना गुंतलेले असतात, ही गोष्ट डासांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. एक माझ्या नाकाच्या शेंड्यावर बसला. मला तो स्पष्ट दिसत होता. तोही निवांत होता.

कनू लेकवर पोचलो, तर वारा समोरून. परतीच्या दिवशी वारा समोरूनच असतो. हवामानखातं काहीही म्हणो. कनूत मागे बसलेला सुकाणू सांभाळतो आणि पुढच्याची फक्त पाठ बघतो. पुढचा मागे वळून बघू शकत नाही, त्यामुळे संशयाला भरपूर वाव.

"तू वल्हवतोयस ना रे?"

"म्हणजे काय!"

"मग ते पाइनचं झाड मघापासून तिथेच कसं?"

याच तळ्यावर जुलै १९१७ मध्ये चित्रकार टॉम थॉमसन एकटा कनू घेऊन निघाला. कनू उलटी सापडली, आठ दिवसांनी तो स्वतः. मृत्यू कसा झाला यावर अजून वाद चालतात. ही माहिती मी मोठ्या उत्साहाने, तळ्याच्या मधोमध सांगितली. बायकोने शांतपणे लाइफ जॅकेटचा पट्टा घट्ट केला आणि म्हणाली, "त्याला वल्हवता येत होतं."

धक्क्यावर परीटघडीचे कपडे घातलेली मंडळी कनूत सामान भरत होती. मेहुण्याने त्यांना थांबवून अन्न कसं टांगावं यावर प्रात्यक्षिकासह व्याख्यान दिलं. कपाळावर अजून लोणचं होतं.

गाडीत बायकोने चारही काचा खाली करायला लावल्या. थंडी वाजते ही मेहुण्याची तक्रार बहुमताने फेटाळली गेली. हंट्सव्हिल गावात कॉफीसाठी थांबलो. आत लांब रांग होती. आम्ही शेवटी जाऊन उभे राहिलो, तर पुढचे दोघं बाजूला झाले, मग आणखी चौघं, आणि बघता बघता आमचा नंबर काउंटरवर.

"कॅनडातली माणसं म्हणजे," मेहुणा सद्गदित होऊन म्हणाला, "सौजन्य असावं तर असं!"