एस की पी?

"एस की पी?" दुकानदाराने मान वर न करता विचारलं.

नेरूळच्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी कमोड घ्यायला गेलो होतो. कमोड स्वतः निवडून घ्यायची वेळ आयुष्यात येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. लग्न झालं की सासरा जसा तयार मिळतो, तसा फ्लॅट घेतला की कमोड तयार मिळतो. तो बदलण्याचा विचार कोणी करत नाही.

"एस लहान होईल," मी म्हणालो. "मीडियम दाखवा."

आता त्याने मान वर केली. शांतपणे म्हणाला, "काका, एस म्हणजे खाली जमिनीत जातं. पी म्हणजे मागे भिंतीत जातं. तुमचं कुठे जातं?"

मी गप्प. बत्तीस वर्षं नोकरी केली, पगार कुठे जातो याचा पै न् पैचा हिशेब ठेवला. पण हे कुठे जातं याची चौकशी कधी केली नव्हती. बायकोला फोन लावला.

"मागे भिंतीत," ती म्हणाली. "अहो, रोज सकाळी अर्धा तास पेपर घेऊन आत बसता. एकदाही मागे वळून पाहिलं नाहीत?"

"पी," मी दुकानदाराला सांगितलं.

"सेंटर किती?"

सेंटर म्हणजे जमिनीपासून भिंतीतल्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. हे ऐकून मी घरी आलो, फरशीवर आडवा होऊन टेपने मोजलं, विजेच्या बिलाच्या मागे आकडा लिहिला आणि पुन्हा दुकानात गेलो. दुकानदाराने त्या आकड्याचा पांढराशुभ्र कमोड दिला. इथपर्यंत माझी काहीच चूक नव्हती.

चूक टाइल्सची होती. मेहुणीचं बाथरूम बघून आल्यापासून आमच्याकडे टाइल्स बदलायच्या होत्या. जुन्या फोडल्या तर खालच्यांच्या डोक्यावर हातोडा, म्हणून टाइलवर टाइल बसवायचं ठरलं. वर केमिकल, त्यावर नवी टाइल. जमीन पाऊण इंच वर आली. भोक मात्र भिंतीत जिथल्या तिथे राहिलं. म्हणजे मी मोजलेला आकडा बरोबर होता, फक्त ती जमीन आता अस्तित्वात नव्हती.

हे मिस्त्रीच्या लक्षात आलं, पण त्याने मनावर घेतलं नाही. नव्या कमोडचं तोंड भोकापेक्षा पाऊण इंच वर आलंय हे पाहून तो म्हणाला, "होऊन जाईल." मराठीतल्या कुठल्याही वाक्याने आजवर इतकं नुकसान केलं नसेल. त्याने कमोड ढकलला, थोडा तिरका केला, उरलेल्या फटीत व्हाइट सिमेंट कोंबलं, वरून दोन रंगांचं मळून लावायचं एपॉक्सी थापलं आणि अंगठा असा फिरवला, की मोदकाची पारी करणाऱ्या बाईनेही बघत राहावं. "आता भूकंपातसुद्धा हलणार नाही," तो म्हणाला.

खरंच हलणार नव्हतं. तीच तर भानगड होती. 

आठवडाभराने वास यायला लागला. आधी फिनेल, मग उदबत्ती, मग डांबराच्या गोळ्या. मध्ये दोन दिवस बायकोने माझ्या आहारातला मुळा बंद केला. मग एका सकाळी बेल वाजली. दारात खालच्या काकू.

"जरा खाली येता का? तुम्हाला काहीतरी दाखवायचंय."

काकू निवृत्त भूगोल शिक्षिका. त्यांनी छतावरच्या डागाकडे बोट केलं. "परवा हा श्रीलंका होता. काल मादागास्कर झाला. असाच वाढला तर रविवारपर्यंत ऑस्ट्रेलिया होईल." त्यांच्या आवाजात राग नव्हता, चाचणी परीक्षेत सोपा प्रश्न चुकलेल्या मुलाकडे बघतात तसं त्या माझ्याकडे बघत होत्या. मादागास्करच्या दक्षिण टोकावरून एक थेंब सुटला आणि खालच्या बादलीत पडला. तो थेंब कुठून आला असेल हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आम्ही दोघांनीही ते बोलून दाखवलं नाही. यालाच शेजारधर्म म्हणतात.

मी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेलो. त्यांनी उपविधीचं पुस्तक काढलं. बाहेरच्या सामाईक पाईपची गळती सोसायटीने काढायची, संडास-सिंकमुळे होणारी आतली गळती सभासदाने. "तुमची आत आहे की बाहेर?" आमचा जोड होता नेमका भिंतीच्या जाडीत. अर्धा आत, अर्धा डक्टच्या बाजूला. कमिटीत यावर सव्वा तास चर्चा झाली. शेवटी असं ठरलं, की भिंत सोसायटीची, भोक सोसायटीचं, पाईप सोसायटीचा; त्यातून जे जातं ते माझं. त्यामुळे खर्च माझा.

त्या रात्री झोप लागेना. आमचं मूळ गाव कणकवलीजवळचं. आजोबा कधी 'संडास' म्हणत नसत. 'बहिर्दिशेला जाऊन येतो' म्हणत. दिशा बाहेरची. हातात तांब्या, परसाच्या पलीकडे चालायचं, काम झालं की मागे वळून न बघता परत यायचं. मागे न बघण्याची सवय बहुधा तिथूनच माझ्यापर्यंत आली. शहरात ही बाहेरची दिशा घरात आली, पण तिचं पुढचं काम दुसऱ्याच माणसाच्या डोक्यावर पाटीत गेलं. त्याची लाज वाटून अप्पासाहेब पटवर्धनांसारखा माणूस स्वतः भंगीकामाला लागला आणि कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचं खत करणारा संडास उभा केला. आजोबांनी अप्पासाहेबांना पाहिलं होतं. 'मोठा माणूस,' ते म्हणायचे, आणि तांब्या घेऊन बहिर्दिशेला जायचे.

आम्ही मात्र ती बाहेरची दिशा थेट बेडरूमशेजारी आणली. आणू शकलो ते एका घड्याळजीमुळे. लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली अशा संडासाचं पेटंट घेतलं, ज्याच्या खालच्या पाईपला एस अक्षरासारखा बाक होता. त्या बाकात थोडं पाणी साचून राहतं आणि गटाराचा वास वर येऊ देत नाही. दुकानदार मला विचारत होता तो 'एस' हाच. 'पी' त्याचा धाकटा भाऊ. म्हणजे सगळ्या शहराचं गटार आणि आपली उशी यांच्यामध्ये उभं काय असतं? बोटभर खोलीचं पाणी. बाकी सगळी भिस्त त्याच्यावर.

आमच्याकडे ते पाणी आपलं काम इमानेइतबारे करत होतं. पण फुटका जोड होता पाण्याच्या पलीकडे, गटाराच्या बाजूला. दाराला कडी लावून भिंतीला खिंडार ठेवावं, तसा प्रकार.

दुसरा प्लंबर आला तो ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातला. देशातल्या कुठल्याही मोठ्या शहरात नळ दुरुस्त करणारा माणूस या जिल्ह्यातला निघण्याची शक्यता बरीच असते. तिथल्या पट्टामुंडईत सरकारची प्लंबिंग शिकवणारी संस्थाच आहे. आपल्याकडे ज्या उकिडव्या भांड्याला 'ओरिसा पॅन' म्हणतात, त्याचा आणि याचा काही संबंध आहे का, असं मी त्याला विचारलं. तो हसला. "साब, वो मैंने नहीं बनाया."

तो गुडघ्यांवर बसला, बॅटरी मारली आणि व्हाइट सिमेंटवर छिन्नीचा एकच टोला घातला. मोदकाची पारी उकलली. आत केसाएवढी चीर होती. "आदमी बैठता है, उठता है," तो म्हणाला. "सीट थोडा हिलेगा ही. सिमेंट नहीं हिलता, तो टूटता है." ताठ जोड टिकत नाही. बायकोने माझ्याकडे पाहिलं. "ऐकलंत ना?"

त्याने पिशवीतून एक वस्तू काढली. पांढरी, हातभरही लांब नाही, तोंडाला काळ्या रबराच्या पाकळ्या. पॅन कनेक्टर. पण सरळ नाही. एक तोंड वर, एक तोंड खाली, मधे हलकीशी सरक. "ऑफसेट," तो म्हणाला. जमीन पाऊण इंच वर आली काय आणि भोक खाली राहिलं काय, मधली समजूत घालायला असा माणूस लागतो. भोक आतून खरवडून, पुसून कोरडं केलं. रबराला कपड्याचा ओला साबण फासला. "तेल नहीं, रबर फूल जाता है." मग कनेक्टर दोन्ही हातांनी जरासा फिरवत आत ढकलला आणि एक आवाज आला, घट्ट बरणीचं झाकण बसल्यासारखा. कमोड सारला, लेव्हल ठेवून बुडबुडा मधोमध आणला, स्क्रू आवळले, पण पिळले नाहीत. सिमेंटचा कणही नाही.

"आज का पेपर है?"

मी पेपर दिला. मी अजून वाचला नव्हता. त्याने तो जोडाच्या बरोबर खाली घडी करून सरकवला, टाकीत निळीचे चार थेंब टाकले आणि फ्लश ओढला. खालापूरच्या मोरबे धरणातून इतक्या लांब आलेलं पाणी निळं होऊन गडगडत भिंतीत गेलं. "सुबह देखो. पेपर सूखा, तो काम पक्का."

संध्याकाळी घरात बसवेना. पाम बीच रोडवरच्या 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'च्या तळ्याभोवती फेऱ्या मारायला गेलो. इथे लोक तब्येतीसाठी चालतात, प्रेमासाठी बसतात आणि कुत्र्यांसाठी थांबतात. तळं कशासाठी आहे हे सहसा कोणी विचारत नाही. हे शोभेचं तळं नव्हे, होल्डिंग पाँड आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीकाठी भराव टाकून हे शहर उभं राहिलं. त्याचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून डच पद्धतीने ही तळी खोदली आणि खाडीच्या तोंडाशी झडपा बसवल्या. भरती आली की समुद्राच्याच दाबाने झडप मिटते आणि पावसाचं पाणी तळ्यात थांबून राहतं. ओहोटी लागली की झडप उघडते, पाणी खाडीत जातं.

मी चालता चालता थांबलो. हा तर पी-ट्रॅप! अख्ख्या शहराचा. इथेही जमीन वर आणली होती, भोक खाली होतं, आणि मधे एक हलणारी पाकळी बसवलेली होती. ती ताठ नाही म्हणून आम्ही कोरडे. हे मी शेजारून जाणाऱ्या गृहस्थांना उत्साहाने सांगितलं. त्यांनी चालण्याचा वेग वाढवला.

सकाळी पाचला उठून बाथरूममध्ये गेलो. गुडघ्यांवर बसून कमोडच्या मागे पाहिलं. घडी केलेला पेपर अलगद ओढून काढला, दिव्याखाली धरला, पुढून पाहिला, मागून पाहिला.

"काय आहे पेपरात?" बायकोने बेडरूममधून विचारलं.

"काहीच नाही," मी म्हणालो. पेपर वाचून इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.